अठ्ठावन्न वचनं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरीला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला वाटेल, शेवटी बाई विरघळल्या असतील. तसं काही झालेलं नाही.

मी शिक्षिका. पनवेल गावातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आणि रविवारी मंडळीतल्या मुलांना शब्बाथ शाळेत, म्हणजे बायबलच्या वर्गात. त्यामुळे मंडळीत लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. हा सेक्रेटरीही माझ्याच हाताखालून गेलेला. त्याचे वडील आणि माझे मिस्टर तळोज्याला एकाच कारखान्यात होते, दोन्ही कुटुंबं नगरकडची. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा निम्म्या इमारतींना रंगही लागलेला नव्हता आणि मराठी ख्रिस्ती घरं मोजून सहा. देवळासाठी पार वाशीपर्यंत जायचं म्हणून आम्ही आमच्याच हॉलमध्ये उपासना सुरू केली. सोफा आतल्या खोलीत ढकलायचा, सतरंजी घालायची. मिस्टर हार्मोनियम वाजवायचे आणि त्याची आई पहिलं गीत उचलायची. मी तिला वहिनी म्हणायचे. तिचा आवाज असा होता, की खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन म्हणाल्या, "तुमचा काय कार्यक्रम असतो मला कळत नाही, पण त्या बाई गायला लागल्या की मी कुकर बंद करते."

सहाची वीस घरं झाली, वीसची चाळीस. मग आमचा स्वतःचा हॉल झाला, त्याला क्रॉस लागला, उपासना चालवायला पाळक नेमले गेले. पुढे टॉवर उभे राहिले, कंपन्या आल्या, विमानतळाचं काम निघालं आणि मंडळीत केरळचे, आंध्रचे, तमिळ, मणिपूर-मिझोरमकडचे लोक येऊ लागले. त्यांच्यावर माझा राग नव्हता आणि नाही. परक्या गावात आलेल्या माणसाला देवाचं घर शोधावंसं वाटतं, आणि त्या सगळ्यांना मिळून कळेल अशी भाषा इंग्रजीच. आधी महिन्यातून एकदा संध्याकाळी इंग्रजी उपासना होऊ लागली. मग दर रविवारी. मग ती सकाळी नऊची झाली आणि मराठी सातची. मग मराठी दुपारी चारची झाली, मे महिन्यात, पत्र्याखाली. गीतांची पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली गेली आणि भिंतीवर पडदा आला. हार्मोनियमच्या जागी ड्रम आले. प्रत्येक बदलाच्या वेळी कमिटीत एकच माणूस उभा राहून समजावून सांगायचा. आमचा सेक्रेटरी. वहिनींचा मुलगा.

शेवटच्या वेळी तो म्हणाला, "बाई, मराठीला आता येतं कोण? तुम्ही बारा जण. बारा जणांसाठी पंखे लावायचे, पाळकांना पुन्हा बोलवायचं... आपण एकच मंडळी आहोत ना? मग एकच उपासना करू या."

"आणि ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांनी काय करायचं? तुझ्या आईने?"

"आई बसते माझ्या शेजारी. मी सांगतो तिला." मग तो हसला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "खरं सांगू का बाई, मला स्वतःलाच आता मराठी वाचायला जमत नाही."

कमिटीतले दोनचार जणही हसले. चौथीत असताना या मुलाने अख्खं एक स्तोत्र न अडखळता म्हणून माझ्याकडून स्टीलचा डबा बक्षीस घेतला होता. मराठी उपासना बंद झाली.

तरीही मी जात राहिले. मागच्या रांगेत बसायचे. पडद्यावरचे शब्द कळायचे मला, पण तोंड उघडायचं नाही.

मग माझे मिस्टर गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि मान खाली गेली. दवाखान्यातच सेक्रेटरी भेटायला आला. हात जोडून उभा राहिला, डोळ्यांत पाणीही होतं, ते मी नाकारत नाही. मग म्हणाला, "बाई, उद्या हॉल साडेअकरा ते सव्वाबारा आपला. सव्वाबाराला यूथची प्रॅक्टिस आहे, बाहेरून टीम आलीय, त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"मराठीत होऊ दे," मी म्हटलं. "त्यांना दुसरं काही नको होतं."

"पाळकसाहेबांना मराठी येत नाही ना. शेवटी एक गीत घेऊ आपण मराठी."

नवे पाळक तिशीतले, दक्षिणेकडचे, मनाने चांगले. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा निराळं घेतलं. पडद्यावर फोटो सरकले, स्पीकरवर कुठलंसं संगीत लागलं. बारा वाजून दहा मिनिटांनी मागच्या दारात गिटारच्या पिशव्या घेतलेली मुलं दिसायला लागली. सेक्रेटरी भिंतीला टेकून उभा होता. त्याने मनगटावर बोट आपटून पाळकांना खूण केली. पाळकांनी हात वर करून आशीर्वाद देऊन टाकला.

आम्ही म्हातारे पुस्तकं उघडून उभेच होतो. जिन्याखालून काढून, धूळ झटकून आणली होती ती पुस्तकं.

तेवढ्यात वहिनींनी गीत उचललं. पहिल्या रांगेत काठी टेकून उभ्या होत्या, ऐंशीला आलेल्या, पण आवाज तोच. आम्ही सूर धरला. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं असेल, त्यांचा मुलगा पुढे आला, आईचं कोपर धरलं आणि म्हणाला, "आई, वेळ संपली." त्या थांबल्या. त्या थांबल्या म्हणून आम्हीही थांबलो. तीस वर्षं ज्या माणसाने या मंडळीला सूर दिला, त्याची शवपेटी मुकाट्याने बाहेर निघाली आणि पाठीमागे कुणीतरी ड्रम लावून बघत होतं. धप्. धप्.

त्या दिवसापासून मी त्या हॉलची पायरी चढले नाही. चाळिसाव्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली, उरलेले दहा जण आले, आणि मग दर रविवारी येऊ लागले. सोफा पुन्हा आतल्या खोलीत गेला. वहिनी रोडपालीहून, मुलाच्या घरून, रिक्षाने यायच्या, हायवे ओलांडून. मुलाला सांगायच्या, बाईंच्या गुडघ्याची चौकशी करून येते. रिक्षावाला नेहमीचा, तिकडच्याच गावचा. एकदा त्यांना जिन्यापर्यंत आणून सोडताना मला म्हणाला, "आजी पुऱ्या रस्त्याला गानी म्हनत येते. आमी रेडिओ लावतच नाय."

वहिनी मुलाबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत. मी बोलायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तो वाईट नाही हो. त्याला आपली लाज वाटते, एवढंच." मला ते एवढंच वाटत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्या बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ झाला. मी रोज दवाखान्यात जायचे. त्यांची सून केरळची, सासूकडूनच मराठी शिकलेली. घरात त्या दोघी मराठीत बोलत आणि मुलगा इंग्रजीत उत्तरं देई. सातव्या दिवशी वहिनींनी सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझं सगळं मराठीत करा. बाई सांगतील तसं." आठव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात सेक्रेटरी. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण उघडं. मी त्याला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही.

"बाई, आईची इच्छा होती..."

"माहीत आहे मला. मीच होते तिथे."

"मराठी येणारे पाळक कुणी मिळतील का? म्हणजे उद्या..."

"पाळक मी आणते. खोपोलीचे निवृत्त पाळक आहेत, माझ्या शब्दावर येतील. आम्ही दहा जण गायला येऊ." तो थँक्यू म्हणायला लागला, तेव्हा मी हात वर केला. वर्गात करायचे तसा. "माझं ऐकून घे आधी. घड्याळ कुणी बघायचं नाही. पडदा नाही, स्पीकर नाही. चार गीतं होतील, सगळी कडवी."

"हो बाई."

"आणि शास्त्रवाचन तू करायचंस. बायबलमधला पुनरुत्थानाचा मोठा अध्याय. सबंध. मराठीत."

"बाई, तो खूप लांब आहे."

"अठ्ठावन्न वचनं."

"मला जमणार नाही. खरंच नाही जमत. सोळा-सतरा वर्षांत मी मराठीत... तुम्ही वाचा ना. तुमच्याइतकं चांगलं कोण वाचतं?"

"आई तुझी आहे. तू वाचणार नसशील तर आमच्यापैकी कुणी येणार नाही."

माझा आवाज अगदी शांत होता. दोन वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, आणि आता तो माझ्या सतरंजीवर चपला काढून उभा होता आणि त्याला माझी गरज होती. मला बरं वाटत होतं. वहिनी गेल्याचं दुःख होतं आणि हे बरं वाटणंही होतं. दोन्ही एकाच छातीत मावतात, हे मला त्या सकाळी कळलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरून गेला. त्याच्या ऑफिसातली माणसं, त्याचे साहेब, सगळी इंग्रजी मंडळी. पांढरी फुलं. आम्ही दहा जण समोर डावीकडे बसलो. पहिलं गीत झालं, खोपोलीच्या पाळकांनी प्रार्थना केली आणि त्याला खूण केली. तो उठून वहिनींच्या शवपेटीशेजारी मांडलेल्या टेबलापाशी गेला. पुस्तक मी रात्रीच काढून ठेवलं होतं, बारीक टाइपाचं, जुन्या छपाईचं. मोठ्या अक्षरांचं पुस्तकही माझ्या कपाटात आहे.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. असं ठरलेलं नव्हतं. त्याने दचकून बघितलं.

"वाच," मी म्हटलं.

पहिली सहा वचनं गेली. सातव्यात तो 'प्रेषित' या शब्दावर अडकला. मी तो शब्द मोठ्याने म्हटला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. त्याने माझ्यामागून म्हटला, चुकला. "पुन्हा," मी म्हटलं. त्याने पुन्हा म्हटला. 'पुनरुत्थान'वर अडला. सांगितलं. 'आधिपत्य'वर आला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम पुस्तकावर पडत होता. एक ओळ त्याने गाळली, डोळ्यांनी चुकून खालची पकडली. मी बोट ठेवून त्याला वर आणलं. "इथून. पुन्हा." त्याचे साहेब समोर बसले होते. कमिटीतले ते दोनचार जणही होते, जे तेव्हा हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

तिसाव्या वचनाच्या आसपास आमच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मागून माझा पदर ओढला आणि पुटपुटले, "बाई, पुरे." मी मागे बघितलं नाही. अठ्ठावन्न म्हटलं होतं तर अठ्ठावन्न. चाळिसाव्या वचनानंतर त्याचा आवाजच फुटेना. तो नुसते ओठ हलवत होता, मी शब्द सांगत होते आणि तो ते हुंदक्यासारखे बाहेर काढत होता. तसंच शेवटपर्यंत गेलं.

मी वर मान केली तेव्हा मला दिसलं की अर्धा हॉल रडतोय.

माझ्या कल्पनेत त्यांनी त्याची कीव करायला हवी होती. मान खाली घालायला हवी होती, की ज्या भाषेत आई बोलली ती याला वाचता येत नाही. त्यांना तसलं काही दिसलंच नाही. त्यांना दिसला आईसाठी कोसळलेला मुलगा. मंडळीचे तरुण पाळक पुढे येऊन त्याच्या खांद्याभोवती हात टाकून उभे राहिले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि उपासना संपल्यावर एक तमिळ बाई, जिला मी ओळखतही नाही, माझे दोन्ही हात हातात घेऊन हिंदीत म्हणाली, "आपने बेटे को कितना संभाला. हर शब्द में साथ दिया."

मला तिला ओरडून सांगायचं होतं की मी साथ देत नव्हते. मी हात सोडवून घेतले.

दिवसभर लोक तेच बोलत होते. कुणा मुलीने मोबाईलवर ते सगळं घेतलं होतं, मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, आणि खाली हात जोडल्याच्या आणि बदामांच्या खुणांची रांग लागली. सूड घ्यायला गेले आणि त्याचा सत्कार करून आले.

ओळखलं एकटीने. दफनभूमीत माती लोटून झाल्यावर सून माझ्याजवळ आली. माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "बाई, मला कळलं तुम्ही काय केलं."

मी पदरावरची माती झटकत राहिले.

"त्यांनी अंकलच्या दिवशी वाईट केलं. मी तेव्हा घरी भांडले त्यांच्याशी. तुमचा राग बरोबर आहे." तिचं मराठी सासूचंच, हेल मात्र तिचा. "पण अम्मा तिथं होती ना. तिच्यासमोर नव्हतं करायचं."

एवढं बोलून ती मुलांकडे गेली. वहिनींना त्या चाळीस मिनिटांत काय वाटलं असतं, याचा विचार आला की मी उठते आणि काहीतरी काम काढते. या सगळ्यात मला बोचते ती ही एकच गोष्ट, आणि ती बोचते वहिनींसाठी. त्याच्यासाठी नाही.

महिन्याभराने कमिटीचा निरोप आला. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, मराठी उपासना. तीन वर्षं आम्ही मागत होतो ती वेळ, तोच हॉल. निरोप घेऊन तो स्वतः आला नाही. ते शहाणपण त्याला होतं. खाली लिहिलं होतं, बाईंनी पुढाकार घ्यावा ही विनंती.

रविवारी मी तो निरोप आमच्या लोकांना वाचून दाखवला आणि म्हटलं, "मी नाही म्हणून कळवणार आहे."

मग ज्यांनी पदर ओढला होता ते गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन मजले चढताना मला दोनदा बसावं लागतं. हॉल तळमजल्यावर आहे. आणि माझ्या बायकोची पेटी त्याच हॉलातून निघाली. मला तिथे बसायचंय."

"ज्या माणसाने आपल्याला तिथून काढलं, त्याने बोलावलं म्हणून जायचं?"

"त्याने बोलावलं म्हणून नाही," ते म्हणाले. "आपलंच आहे ते. आपण बांधलं."

त्या दिवशी भांडण झालं. मी अशी वाक्यं बोलले, जी शिक्षिकेला शोभत नाहीत. पुढच्या महिन्यात दहातले सात जण तिकडे गेले. माझ्याकडे राहिल्या आम्ही तिघी: मी, एक निवृत्त नर्स आणि तिची बहीण. आता शिरढोणच्या बाजूला राहायला आलेलं एक तरुण जोडपंही येतं, जालन्याकडचं. त्यांना इंग्रजी उपासना समजत नाही आणि हा सगळा इतिहास ठाऊक नाही. मला ते बरं पडतं.

तिकडच्या बातम्या येतात. पहिल्या मराठी उपासनेला साठ माणसं होती म्हणे. आमच्याच लोकांची मुलं, सुना, नातवंडं, आणि पाचसहा केरळची माणसंसुद्धा, नुसती ऐकायला आलेली. ड्रम वाजवणारा मुलगा ढोलकी शिकतोय. शास्त्रवाचन सेक्रेटरी करतो, दर महिन्याला, आठवडाभर घरी तयारी करून. बायको त्याच्याकडून वाचून घेते. आता फारसा अडत नाही म्हणे. हे मला सांगणाऱ्यांना वाटतं, मला आनंद होईल. माझ्या शिकवण्याचं फळ आहे, असंही एकजण म्हणाला. मी त्याला चहा न देता वाटेला लावलं.

मी जाणार नाही. लोकांना हा हट्ट वाटतो, तर वाटू दे. माझ्या नवऱ्याचं गीत अर्ध्यात तोडलं गेलं, आणि ते तोडणाऱ्या माणसाने आजवर एकदाही येऊन 'माझं चुकलं' असं म्हटलेलं नाही. त्याने वेळ दिली, हॉल दिला, स्वतः वाचायला लागला. ते दोन शब्द तेवढे दिले नाहीत. ते त्याने मराठीत, इंग्रजीत, कशातही म्हटले असते तरी चाललं असतं.

आमच्या घरच्या उपासनेत शेवटी मी इतरांसाठी प्रार्थना करते, नावं घेऊन. इकडे येणाऱ्यांची, तिकडे गेलेल्यांची, आजाऱ्यांची, नोकरीसाठी दूर असलेल्यांची. गेलेल्या सातही जणांची घेते, त्या म्हाताऱ्या गृहस्थांचीसुद्धा. परवाच्या रविवारी रोडपालीच्या घरावर आले. सुनेचं नाव घेतलं, तिच्या दोन्ही मुलांची घेतली, आणि पुढच्या घराकडे वळले.

नर्सबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, त्या घरातलं एक राहिलं."

मी डोळे उघडले नाहीत. पुढचं नाव घेतलं.